फुकटचं सॉफ्टवेअर ऑफिसात चालेल का?

'फुकट ते पौष्टिक' ही म्हण आपल्या हॉस्टेलवर जेवढी चालते तेवढी महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे चालत नसेल. मात्र हीच म्हण घेऊन तुम्ही एखाद्या ऑफिसात गेलात आणि म्हणालात, "साहेब, तुमच्या कॉम्प्युटरवर लिबरऑफिस टाकू या, एक पैसाही लागत नाही," की साहेबांच्या कपाळावर आठी पडते. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "फुकट आहे? मग सेफ कसं असेल?" गंमत म्हणजे त्याच साहेबांच्या कॉम्प्युटरवर जे ऑफिस सॉफ्टवेअर चालू असतं, तेही बहुतेक वेळा फुकटच आलेलं असतं. कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून! पण त्याबद्दल पुढे.

हा प्रश्न माझ्याकडे आला तो वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनहून. मालेगाव तालुक्यातलं हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे सगळ्यांना माहीत आहे. माझे मामा तिथल्या एका छोट्या पतसंस्थेत व्यवस्थापक आहेत. संस्थेत सहा कॉम्प्युटर. खात्यांचं मुख्य सॉफ्टवेअर वेगळं आहे, ते रीतसर विकत घेतलेलं. पण पत्रं, थकबाकीच्या याद्या, सभेची इतिवृत्तं, कर्जाच्या नोटिसा हे सगळं वर्ड आणि एक्सेलमध्ये चालतं. लेखापरीक्षकांनी यंदा विचारलं, या वर्ड-एक्सेलच्या परवान्यांची बिलं कुठे आहेत? बिल एकाचंही नव्हतं. मामांनी संचालक मंडळापुढे लिबरऑफिसचा विषय ठेवला, तेव्हा एका संचालकांनी रोखठोक विचारलं, "फुकटाचं आहे तं सुरक्षित कायचं? उद्या सभासदायचे आधार नंबर बाहेर गेले तं जबाबदार कोण?" मामांचा मला फोन. "तू इंजिनिअरिंगले आहेस ना? मंग मले एक पानभर लिहून दे, मंडळापुढं वाचून दाखवतो."

एका पानात ते मावलं नाही, म्हणून हा लेख. संचालकांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. वाजवी सुरक्षाव्यवस्था न ठेवल्याबद्दल या कायद्यात अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गावच्या पतसंस्थेला कोणी अडीचशे कोटी मागणार नाही हे खरं, पण ज्याचं सोयाबीनचं कर्ज थकलंय त्याचं नाव, आधार आणि मोबाइल नंबर गावभर झाला तर त्या माणसाचं काय व्हायचं ते होतंच. तेव्हा उत्तर नीटच द्यायला हवं.

आधी ओपन सोर्स म्हणजे काय ते सिव्हिलवाल्यांच्या भाषेत बघू. आपल्याला कॉम्प्युटरवर मिळते ती बांधून तयार झालेली इमारत. तिचं ड्रॉइंग म्हणजे सोर्स कोड. मायक्रोसॉफ्ट ऑफिससारख्या बंद सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग बिल्डरच्या कपाटात राहतं. भिंतीत सळ्या किती आहेत हे तुम्हाला भिंत ठोकून ओळखावं लागतं. ओपन सोर्समध्ये ड्रॉइंग गेटवर लावलेलं असतं. कोणीही इंजिनिअर यावा, मोजावं, चूक काढावी, आणि हवं तर तेच ड्रॉइंग घेऊन स्वतःची इमारत बांधावी. पैसे न लागणं हा त्याचा दुय्यम गुण आहे.

लिबरऑफिसचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर, जर्मनीतल्या स्टारडिव्हिजन कंपनीचं स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतलं आणि २००० मध्ये त्याचा कोड ओपनऑफिस या नावाने जगाला खुला केला. आपल्या सीनियर्सच्या सीनियर्सनी लॅबमध्ये वापरलं ते हेच. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी घेतली. ओरॅकलच्या हातात प्रकल्पाचं काय होईल याची धास्ती घेऊन बरेच डेव्हलपर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाहेर पडले आणि त्याच कोडवरून त्यांनी लिबरऑफिस सुरू केलं. ते आज द डॉक्युमेंट फाउंडेशन या बर्लिनमधल्या संस्थेकडे आहे. जुनं ओपनऑफिस अपाचे फाउंडेशनकडे गेलं आणि अजून आहे, पण तिथे काम करणारी माणसं कमी आणि दुरुस्त्याही सावकाश येतात. तेव्हा "ओपनऑफिस आणि लिबरऑफिस एकच ना?" असं कोणी म्हटलं तर सांगा, नाही. सुरक्षेचा प्रश्न असेल तर लिबरऑफिसच घ्या.

आता सुरक्षित म्हणजे नेमकं काय? ऑफिसातल्या कागदाबद्दल आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात. तो भलत्याच्या हाती पडू नये, त्यात कोणी गुपचूप फेरफार करू नये, आणि लागेल तेव्हा तो उघडावा. तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि मग तीच जास्त महागात पडते.

महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. मे २०१६ मध्ये मुंबईत खुद्द मंत्रालयात महसूल आणि सार्वजनिक बांधकाम विभागांतले सुमारे दीडशे कॉम्प्युटर 'लॉकी' नावाच्या रॅन्समवेअरने बाधित झाले. रॅन्समवेअर म्हणजे खंडणीखोर प्रोग्रॅम. तो तुमच्या फाइल्स कूटबद्ध करून टाकतो आणि किल्लीसाठी बिटकॉइनमध्ये पैसे मागतो. फायली होत्या तिथेच असतात, नाव बदललेलं असतं आणि उघडत मात्र नाहीत.

लॉकी त्याच वर्षी फेब्रुवारीत जगात पहिल्यांदा दिसला होता, आणि तो पसरवण्याची त्याची एक लाडकी पद्धत म्हणजे ईमेलला जोडलेली वर्डची फाइल. विषय असायचा बिलाचा. फाइल उघडली की आत अगम्य अक्षरं दिसायची आणि वर एक सूचना : मजकूर नीट दिसत नसेल तर मॅक्रो चालू करा. मराठी फॉन्टच्या नावाने रोज बोटं मोडणाऱ्या आपल्या ऑफिसात तर अशी सूचना कोणालाही खरीच वाटेल! माणूस बटण दाबायचा, मॅक्रो इंटरनेटवरून खरा व्हायरस उतरवून घ्यायचा, आणि पुढचं सगळं आपोआप.

मॅक्रो म्हणजे कागदाच्या आत लपलेला छोटा प्रोग्रॅम. एक्सेलमध्ये तेच तेच काम पुन्हा करावं लागू नये म्हणून ही सोय झाली, चांगल्या हेतूनेच झाली. पण त्यामुळे 'कागद' आणि 'प्रोग्रॅम' यांच्यातली भिंतच पडली. १९९५ मध्ये 'कॉन्सेप्ट' नावाचा वर्डचा मॅक्रो व्हायरस आला. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' आला, जो तुमच्या आउटलुकमधल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला पाठवून द्यायचा. तरीही इंटरनेटवरून आलेल्या फाइल्समधले मॅक्रो सरसकट अडवून ठेवायला मायक्रोसॉफ्टने २०२२ साल उजाडू दिलं. मेलिसापासून मोजलं तर तेवीस वर्षं!

लिबरऑफिस असतं तर मंत्रालय वाचलं असतं का? इथे मला घाईघाईने 'हो' म्हणायचं नाही. लिबरऑफिसमध्ये मॅक्रो सुरक्षेची पातळी मुळातच 'उच्च' ठेवलेली येते. विश्वासू म्हणून नोंदवलेल्या सहीचे किंवा ठरवलेल्या फोल्डरमधलेच मॅक्रो चालतात, बाकीचे बंद, आणि एका क्लिकने ते चालू करण्याचा मोहही फारसा राहत नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या मॅक्रोची भाषा लिबरऑफिसला अर्धवटच समजते, त्यामुळे वर्डसाठी लिहिलेला व्हायरस इथे बऱ्याचदा अडखळतो. पण लॉकी झिपमध्ये दडवलेल्या जावास्क्रिप्ट फाइलमधूनही यायचा. ती फाइल विंडोज स्वतः चालवतं, तिथे तुमच्याकडे कोणतं ऑफिस आहे याचा काही संबंधच नाही. म्हणजे एक मोठं दार बंद होतं, घर सुरक्षित होत नाही. मामांच्या पानावर मी हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं, कारण संचालकांना खोटी हमी दिली की पहिल्या अपघातातच आपली पत जाते.

आता बंद ड्रॉइंगबद्दल. आपल्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये समीकरणं टाकायला वर्डचा इक्वेशन एडिटर वापरलाय किंवा सीनियरच्या जुन्या रिपोर्टमध्ये पाहिलाय. त्या इक्वेशन एडिटरची फाइल नोव्हेंबर २००० मध्ये तयार झाली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवलं की तिच्यात एक बफर ओव्हरफ्लो आहे : फॉन्टच्या नावासाठी ठेवलेल्या जागेपेक्षा लांब नाव दिलं की कागद उघडणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर हवा तो कोड चालवता येतो. मॅक्रो नको, परवानगी नको. पहिल्या वर्षाच्या सी प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये सर ज्यासाठी मार्क कापतात तीच चूक, सतरा वर्षं जगभरातल्या ऑफिसांत! पुढची गोष्ट जास्त मजेदार आहे. मायक्रोसॉफ्टने दिलेली दुरुस्ती तज्ज्ञांनी उलगडून पाहिली, तर मूळ कोड बदलून नव्याने बनवण्याऐवजी तयार फाइलमधलेच बाइट हाताने बदललेले दिसले. मूळ सोर्स कोड कंपनीच्या हाताशी राहिला नसावा, असा अंदाज त्यावरून बांधला गेला. जानेवारी २०१८ मध्ये तो एडिटर काढूनच टाकला. बिल्डरकडचं ड्रॉइंगच गहाळ, मग डागडुजी काय करणार?

पण ड्रॉइंग गेटवर लावलं तर चोरालाही दिसतं की! हा आक्षेप मामांच्या संचालकांनी घेतला, आमच्या व्हायवात एक्स्टर्नलनेही घेतला होता. त्याचं उत्तर फार जुनं आहे. १८८३ मध्ये ऑगस्ट केरखॉफ्स या भाषेच्या प्राध्यापकाने लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना अट घातली की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. कुलूप बाजारातून कोणीही विकत घेतं, उघडून बघतं, तरी तुमच्या दाराचं कुलूप त्याला उघडत नाही, कारण किल्ली वेगळी. ज्या कुलपाची सुरक्षा 'आत काय आहे ते कोणाला कळू नये' यावर टांगलेली असते, ते कुलूप एक कारागीर फितूर होईपर्यंतच टिकतं. आज बँकांपासून व्हॉट्सअॅपपर्यंत सगळीकडे वापरला जाणारा एईएस हा अल्गोरिदम अशाच खुल्या स्पर्धेतून निवडला गेला आणि २००१ मध्ये प्रमाण ठरला. त्याची प्रत्येक पायरी आपल्या नेटवर्क सिक्युरिटीच्या पुस्तकात छापलेली आहे. लिबरऑफिसमध्ये पासवर्ड टाकून जतन केलेली फाइल याच एईएसने, २५६ बिटच्या किल्लीने कूटबद्ध होते.

शिरपूरच्या माणसाला हे पटवणं मला तरी सोपं गेलं. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला टेकलेली नाही अशी श्रद्धा आहे, आणि मूर्तीखालून वस्त्र सरकवून ते दाखवतात असं तिथले लोक सांगतात. मामा फोनवर म्हणाले, "म्हणजे नुसतं सांगत नाही, पाहा म्हणते, असंच ना?" असंच. (याच मंदिराला दोन पंथांच्या वादात चार दशकं कुलूप होतं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये ते उघडलं. किल्ली कोणाकडे, हा प्रश्न त्या गावाला आपल्यापेक्षा जास्त कळतो!)

मात्र 'पाहता येतं' आणि 'कोणीतरी पाहिलंय' यात फरक आहे. ओपन सोर्सचे भक्त इथे घोटाळा करतात. गेटवरचं ड्रॉइंग वाचायला कोणी थांबलंच नाही तर? ओपनएसएसएल हे खुलं सॉफ्टवेअर जगातल्या वेबसाइट्सचा मोठा भाग सांभाळतं. त्यात २०१२ मध्ये शिरलेली 'हार्टब्लीड' नावाची चूक एप्रिल २०१४ पर्यंत कोणाच्या ध्यानात आली नाही. खुद्द लिबरऑफिसमध्ये लिब्रेलोगो म्हणून मुलांना कासवाकडून चित्रं काढायला शिकवणारी एक गमतीदार सोय आहे. २०१९ मध्ये उघड झालं की तिच्या आडून, काही इशारा न देता, कागदातून पायथॉन कोड चालवता येतो. जुलैमध्ये दुरुस्ती आली, ती अपुरी ठरली, मग पुन्हा दुरुस्ती आली. कासवाच्या मार्गाने ससा आत!

आणि २०२४ चा एक्सझेड प्रकार तर सिनेमा काढण्यासारखा आहे. 'जिया टॅन' नाव लावणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं इमानदारीने काम करून एक्सझेड या खुल्या प्रकल्पाचा विश्वास मिळवला आणि मग त्यात गुपचूप चोरदरवाजा ठेवला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला आपल्या मशीनवर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याने ते सोडून दिलं नाही, मागोवा घेत थेट कोडपर्यंत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सांगितलं. हा माणूस नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये, हेही सांगून टाकते. कोड खुला होता म्हणून चोराला आत येता आलं, आणि कोड खुला होता म्हणूनच एका तिऱ्हाइताला कोणाचीही परवानगी न काढता शेवटपर्यंत जाता आलं.

बंद सॉफ्टवेअरमध्ये असं होत नाही असं मात्र समजू नका. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या बंद सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये हल्लेखोरांनी 'नॉटपेट्या' घुसवला. तिकडचं भांडण, पण मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून ते थेट आपल्या जेएनपीटीपर्यंत पोचलं आणि न्हावाशेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. अपडेट आला की घेणारा डोळे मिटून घेतो. आत काय आहे ते बघण्याचा मार्ग त्याच्याकडे नव्हताच.

मग लिबरऑफिसच्या ड्रॉइंगकडे कोणी बघतं का? बघतं. त्याचा कोड कव्हरिटी या चूकशोधक यंत्रणेतून नियमित जातो, आणि गूगलच्या ओएसएस-फझ प्रकल्पात त्याच्यावर मुद्दाम बिघडवलेल्या फाइल्सचा रात्रंदिवस मारा होतो. सापडलेल्या प्रत्येक सुरक्षा-चुकीची नोंद तारखेसह जाहीर होते. ती यादी लांब आहे. पहिल्यांदा पाहून भीती वाटते, पण लेखापरीक्षकाला विचारा. ज्या वहीत एकही खाडाखोड नाही, ती वही त्याला जास्त संशयास्पद वाटते.

आता त्या पेन ड्राइव्हकडे येऊ. मला विचाराल तर सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. आपण तुलना करतो ती पैसे भरून घेतलेलं, दर महिन्याला अपडेट होणारं मायक्रोसॉफ्ट ऑफिस विरुद्ध लिबरऑफिस, अशी. ती तुलना एखाद्या मोठ्या कंपनीसाठी ठीक आहे आणि तिथे मायक्रोसॉफ्टची बाजू चांगली मजबूत आहे, हे मान्य करायला हवं. पण तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत, झेरॉक्सच्या दुकानात, शाळेच्या ऑफिसात आणि (कुलसचिवांनी हे पान वगळून पुढे जावं) आपल्या हॉस्टेलच्या खोल्यांत खरी तुलना आहे ती क्रॅक केलेलं ऑफिस विरुद्ध लिबरऑफिस. क्रॅक चालवायला 'अॅक्टिव्हेटर' लागतो. तो टाकण्याच्या सूचनांमधली पहिली पायरी आठवते? अँटिव्हायरस बंद करा! दुसरी : अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. म्हणजे वॉचमनला सुट्टी द्यायची आणि अनोळखी माणसाच्या हातात घराच्या सगळ्या किल्ल्या द्यायच्या. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की केएमएसपिको या प्रसिद्ध अॅक्टिव्हेटरच्या नावाखाली क्रिप्टबॉट नावाचा चोर वाटला जातोय, जो ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो पाकिटं उचलतो. मॅक्रो वगैरे फार पुढची गोष्ट झाली. इथे तर चोराला आपण चहा देऊन बसवलेलं असतं.

कायद्याची बाजूही आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ख प्रमाणे बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. फुकटाच्या सॉफ्टवेअरची जबाबदारी कोणावर, असं विचारणाऱ्या संचालकांना मामांनी हे कलम वाचून दाखवलं तेव्हा सभेत बराच वेळ कोणी बोललं नाही म्हणे.

राहिली तिसरी गोष्ट, लागेल तेव्हा कागद उघडण्याची. मुंबईत मुख्यालय असलेली नायरा एनर्जी ही तेलकंपनी, जिच्यात रशियन रॉसनेफ्टचा मोठा वाटा आहे, तिच्यावर युरोपियन युनियनने जुलै २०२५ मध्ये निर्बंध लावले. लगेच २२ जुलैला मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले, परवाने चालू, तरी ईमेल आणि स्वतःचाच डेटा हाताबाहेर! कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि आठवडाभरात सेवा परत सुरू झाल्या. आता लिबरऑफिस काही ईमेल पुरवत नाही, तेव्हा ही तुलना तंतोतंत नाही. पण आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर टाकलेलं लिबरऑफिस दूर देशातलं कोणी बटण दाबून बंद करू शकत नाही, एवढं नक्की. केंद्र सरकारची मंत्रालयं अलीकडे झोहोसारख्या देशी कंपनीकडे वळली आहेत. चांगलंच आहे. मात्र स्वदेशी आणि खुलं हे दोन वेगळे शब्द आहेत. झोहोचं ड्रॉइंगही कपाटातच असतं. ओपन सोर्सला आधी प्राधान्य द्यावं असं सांगणारं धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्येच काढलेलं आहे.

मराठी माणसाला तर हा धडा नव्याने शिकवायची गरज नाही. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, आकृती यांतल्या जुन्या फाइल्स आठवा. फाइल शाबूत, पण तो ठरावीक फॉन्ट कॉम्प्युटरवर नाही, आणि 'सभेचे इतिवृत्त' च्या जागी स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा. मामांच्या संस्थेत जुन्या काही वर्षांची इतिवृत्तं अशीच अडकून पडली आहेत. कोणी चोरली नाहीत, व्हायरसने खाल्ली नाहीत, तरी गेल्यातच जमा. युनिकोडने अक्षरांचा प्रश्न सोडवला. फाइलच्या रचनेचा प्रश्न ओडीएफ सोडवतं. २००६ मध्ये आयएसओ प्रमाण झालेली ही खुली रचना म्हणजे लिबरऑफिसची घरची भाषा. करून बघा : रायटरमध्ये दोन ओळी लिहून जतन करा, फाइलच्या नावाची शेवटची अक्षरं बदलून झिप करा आणि उघडा. आत एका एक्सएमएल फाइलमध्ये तुमच्या दोन ओळी साध्या डोळ्यांनी वाचता येतील. पन्नास वर्षांनी लिबरऑफिस नसलं तरी त्या वाचता येतील. (वर्डच्या नव्या फाइल्ससुद्धा झिपच असतात, पण आतलं जंगल जरा दाट आहे.)

असो. सगळं गोड गोड सांगून चालणार नाही, म्हणून अडचणीही. करविवरणपत्रांच्या काही सरकारी एक्सेल युटिलिटी मॅक्रोवर चालतात, त्या लिबरऑफिसमध्ये नीट चालत नाहीत. त्यामुळे मामांना मी सुचवलं की एका कॉम्प्युटरवर पैसे भरून एक्सेल घ्या, बाकी पाचांवर लिबरऑफिस. मंडळाने ते तसंच मंजूर केलं. वर्डमध्ये सजवलेली पत्रकं इकडे थोडी हलतात. आणि लोकांची सवय हा तर सर्वांत मोठा डोंगर. म्युनिक शहराने दहा-बारा वर्षं घालवून लिनक्सकडे स्थलांतर केलं आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. त्याच जर्मनीतलं श्लेसविग-होल्स्टाइन राज्य २०२४ पासून आपले तीस हजार कॉम्प्युटर लिबरऑफिसकडे नेतंय. आपल्याकडे सगळे एमएस-सीआयटी करून आलेले, आणि त्यातल्या 'एमएस' चा अर्थ मायक्रोसॉफ्ट असाच निम्म्या लोकांचा समज! तो 'महाराष्ट्र स्टेट' आहे. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिसचे मराठी धडे फुकट आहेत. मामांच्या क्लार्क ताई तेच ऐकून शिकल्या.

संस्थेत टाकताना पाळायच्या गोष्टी मामांना लिहून दिल्या त्या इथेही सांगते, हॉस्टेललाही लागू आहेत. सॉफ्टवेअर फक्त लिबरऑफिसच्या अधिकृत साइटवरून घ्यायचं, मित्राच्या पेन ड्राइव्हवरून नाही. ते ओपन सोर्स आहे म्हणून त्या पेन ड्राइव्हवरची प्रतही शुद्धच असेल असं नसतं. साइटवर प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश दिलेला असतो. उतरवलेल्या फाइलचा हॅश विंडोजच्या सर्टयुटिल कमांडने काढून दोन्ही जुळवायचे. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी फाइल फेकून द्यायची. नवीन आवृत्ती आली की लिबरऑफिस सांगतं, पण विंडोजवर ती बहुधा आपणच उतरवून टाकावी लागते. तेव्हा महिन्याच्या पहिल्या सोमवारी कोणी बघायचं, त्या माणसाचं नाव भिंतीवर लिहून ठेवा. नाव नसेल तर ते काम कोणीच करत नाही, हे आपल्या कूलरच्या पाण्यावरून आपल्याला ठाऊक आहेच. मॅक्रो सुरक्षा 'उच्च' वरून खाली आणायची नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. बॅकअप वेगळ्या डिस्कवर, आणि डिस्क काम झालं की काढून कपाटात.

शेवटी पासवर्डबद्दल एक बारकावा. एक्सेलमध्ये काय किंवा लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये काय, 'शीट प्रोटेक्ट' करून टाकलेला पासवर्ड म्हणजे चुकून कोणी आकडा बदलू नये यासाठीचा नुसता अडसर आहे. फाइल झिपसारखी उघडून आतली एक ओळ काढली की तो गेला. सभासदांच्या याद्या लपवायच्या असतील तर जतन करताना 'पासवर्डसह जतन करा' हा पर्याय निवडायचा, तरच एईएस लागतं. मात्र तो पासवर्ड विसरलात तर द डॉक्युमेंट फाउंडेशन, मी किंवा आपले एचओडी सर, कोणीही ती फाइल उघडून देऊ शकत नाही. मामांनी तो कागदावर लिहून, पाकिटात घालून, पाकीट लाखेने बंद करून तिजोरीत ठेवलंय, आणि पाकिटावर दोन संचालकांच्या सह्या आहेत.